पुढचा मुक्काम

(उत्सवातील सायंकाळच्या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)



दरवर्षी या व्यासपीठावरून कोणी डॉक्टर, कोणी प्राध्यापक बोलतात. यंदा समितीने एका लेथवाल्याला उभे केले आहे, तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी. विषयही समितीनेच दिला : अनिश्चित वाटेवर देवाचा भरवसा. मी सेक्रेटरींना म्हटले, अहो, टिन फॅक्टरीच्या चौकातून रोज संध्याकाळी घरी पोहोचणाऱ्या माणसांना हा विषय मी काय सांगणार? तिथे सगळेच देवाच्या भरवशावर असतात. २०२३ साली मेट्रो झाल्यापासून थोडे सुसह्य झाले म्हणा. पण ते हसले नाहीत. त्यांना ठाऊक होते की हा विषय त्यांनी मलाच का दिला, आणि मलाही ते ठाऊक होते. त्याकडे मी येणारच आहे.

मी सातारा तालुक्यातला. १९८३ च्या जून महिन्यात मिरजेला गाडी बदलून मीटरगेजने बंगलोरला आलो. बरोबर एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि साताऱ्याच्या आयटीआयचे टर्नरचे सर्टिफिकेट. कानडीचा एक शब्द येत नव्हता. के. आर. पुरमच्या बसमध्ये कंडक्टरने काहीतरी विचारले. मला वाटले, शिक्षण विचारतोय. मी म्हटले, "आयटीआय." त्याने तिकीट फाडले आणि मला दूरवाणी नगरला, १९४८ सालापासून चाललेल्या त्या अवाढव्य सरकारी टेलिफोन कारखान्याच्या गेटासमोर उतरवून तो निघून गेला. कारखान्याचे नावही आयटीआयच! माझी नोकरी मात्र तिथून पुढे, एका लहानशा खाजगी वर्कशॉपमध्ये होती. पाऊस चालू झाला होता. गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर निपाणीकडचा एक माणूस भेटला. माझी भाषा ऐकून त्याने ट्रंकेचे एक टोक धरले आणि त्या वर्कशॉपच्या दारापर्यंत मला पोहोचवले. पुढे तो मला कधी दिसला नाही.

पुष्कळ वर्षे मी ही हकीकत सांगताना शेवटी म्हणत असे, "देवच आला होता हो!" आपण सगळेच असे म्हणतो. हल्ली मी इतक्या सहज म्हणत नाही. ज्याला त्या दिवशी टपरीवर कोणी भेटले नाही, त्याच्याकडे मग देव आला नव्हता का, हा प्रश्न मला पडतो. असो.

मी वीस-बावीस वर्षांचा असताना मला भक्तिभाव वगैरे काही नव्हता. तो घरात आला तो माझ्या पत्नीबरोबर. ती लोणंदजवळच्या गावची. माउलींची पालखी दरसाल लोणंदला मुक्कामाला, त्यामुळे लहानपणापासून वारकऱ्यांना पिठले-भाकरी वाढत मोठी झालेली. माहेरी पिढ्यान्‌पिढ्यांची माळ. इथे के. आर. पुरमच्या दीड खोलीत तिने पहिल्यांदा काय लावले असेल तर तुळस. तीही रॉकेलच्या डब्यात.

२००१ साली आमचे वर्कशॉप बंद झाले. सोमवारी सकाळी गेलो तर गेटवर कुलूप आणि कागद चिकटवलेला. दोन महिन्यांचा पगार बाकी. मुलगा आठवीत, मुलगी पाचवीत, आणि जागेचे हप्ते चालू. इथे बसलेल्यांपैकी तिघे-चौघे त्या दिवशी माझ्याबरोबर गेटाबाहेर उभे होते, ते साक्ष देतील. पहिले पंधरा दिवस मी रात्री झोपलोच नाही. लोको शेडमधल्या डिझेल इंजिनांचा आवाज रात्रभर यायचा, आणि मला वाटायचे, हे इंजिन चालू आहे म्हणजे कोणाची तरी नोकरी चालू आहे. शेवटी ठरवले, गावी परत जायचे. वडिलांची दोन एकर होती.

पत्नीला सांगितले. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, वारीत आळंदीहून निघताना कोणी पंढरपूर चालतं का? पहिल्या दिवशी पुण्यापर्यंत चालायचं. मग सासवड आलं की सासवड. तुम्ही आजच वाखरीचा विचार करताय. या महिन्याचं काय करायचं तेवढं बोला."

त्या महिन्याचे तिने केले. पोळ्यांच्या ऑर्डरी घेतल्या. दुसऱ्या महिन्यात माझा एक कानडी सहकारी घरी आला. त्याच्या मेव्हण्याच्या शेडमध्ये, महादेवपुरला, एक जुना लेथ धूळ खात पडला होता. भाडे काय, असे विचारले तर म्हणाला, काम मिळेपर्यंत भाडे नाही, "स्वल्प अडजस्ट माडी." बंगलोरचा हा महामंत्र मी तेव्हापासून मनापासून मानतो. त्या एका लेथचे पुढे तीन झाले, मुलांची शिक्षणे झाली, आणि जागेवर घरही उभे राहिले. हा सहकारी पुरंदरदासांची पदे म्हणणाऱ्या घरातला. त्या पदांच्या शेवटी 'पुरंदर विठ्ठल' अशी मुद्रा असते, हे मला त्यानेच सांगितले. मी त्याला सांगितले की ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला कानडा म्हटले आहे. त्यावर तो म्हणाला, म्हणजे तुम्ही एवढ्या लांबून आमच्याच देवाकडे आलात!

२००५ पासून आम्ही दोघे दरवर्षी वारीला जाऊ लागलो. पूर्ण नव्हे. रजा आणि कामे पाहून कधी आळंदी ते सासवड, कधी जेजुरी ते फलटण. आणि वारीत चालता चालता मला हैबतबाबांची गोष्ट कळली. माझ्याच तालुक्यातला माणूस, आरफळ गावचा, आणि मला पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे नाव माहीत नव्हते, याची लाज वाटते.

ही गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. देहूहून पालखी काढण्याची प्रथा तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केली. तुकोबांच्या आणि ज्ञानोबांच्या पादुका तेव्हा एकत्रच जात. माउलींचा स्वतंत्र सोहळा आज आपण पाहतो तो उभा केला हैबतबाबा आरफळकरांनी, १८३२ च्या सुमारास. हे गृहस्थ मूळचे फौजी. ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते. म्हणजे पाहा, तेही आपल्यासारखेच पोटासाठी मुलूख सोडून गेलेले. परंपरा असे सांगते की, कमाई घेऊन गावी परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना लुटले, साथीदारांसह गुहेत कोंडले आणि तोंडावर शिळा लावून टाकली. आत अंधार, बाहेर जाण्याचा मार्ग नाही. बाबांना हरिपाठ पाठ होता, तो ते म्हणत राहिले. एकविसाव्या दिवशी भिल्लांच्या नायकाला मुलगा झाला. त्या आनंदात कैदी जिवंत आहेत की नाहीत ते पाहायला माणसे गेली, तर आतून हरिपाठाचा आवाज येत होता. शिळा काढली, लुटलेले परत दिले आणि त्यांना सोडून दिले.

सुटल्यावर बाबा आरफळला घरी गेले नाहीत. हा आता दुसरा जन्म, असे समजून थेट आळंदीला गेले आणि तिथेच राहिले. माउलींच्या पादुका घेऊन पंढरपूरला जाऊ लागले. पुढे पालखी झाली, आणि फौजेतल्या माणसाची शिस्त त्या सोहळ्याला लागली : दिंड्यांचे क्रम, चालण्या-थांबण्याच्या वेळा, चोपदार. पालखीसाठी घोडे आणि तंबू दिले ते अंकलीच्या शितोळे सरकारांनी. हे अंकली कुठले? आपल्याच बेळगाव जिल्ह्यातले, चिकोडी तालुक्यातले! आजही दरसाल माउलींचे अश्व अंकलीहून पायी निघतात आणि सुमारे ३०० किलोमीटर चालून आळंदीला पोहोचतात. मग पालखी हलते. कर्नाटकातून निघालेल्या घोड्यांशिवाय महाराष्ट्राची ही वारी होत नाही, हे आपल्या इकडच्या भांडखोर लोकांनी आणि तिकडच्याही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्या दोन घोड्यांपैकी एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसरा मोकळा असतो. खोगीर आहे, शृंगार आहे, पण वर कोणी नाही. तो माउलींचा अश्व. रिंगणात तो सुटला की लाखो माणसे 'माउली, माउली' करतात आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. मी पहिल्यांदा चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण पाहिले तेव्हा माझ्या मेकॅनिकल डोक्यात पहिला विचार आला तो हा, की हा घोडा स्वाराशिवाय गर्दीत बुजत कसा नाही! पत्नी म्हणाली, "तुम्हाला स्वार दिसत नाही, त्याला कळतो."

हैबतबाबांची इच्छा होती की आपण माउलींच्या महाद्वाराची पायरी व्हावे. आळंदीत महाद्वाराची पहिली पायरी त्यांचीच आहे. आपण दर्शनाला आत जाताना त्या पायरीवर हात टेकवून जातो.

आता समितीने ज्यासाठी मला उभे केले, ते सांगतो.

२०२० साली वारी पायी झाली नाही. ३० जूनला पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या आणि १ जुलैला आषाढी झाली. आम्ही दोघांनी ते इथे टीव्हीवर पाहिले. मला भडभडून आले. ती शांत होती. म्हणाली, "गेल्या ना? पोहोचल्या ना? झालं." त्या वर्षी आपल्या मंडळाचा गणपतीही एवढासा, आणि आरतीला पाच माणसे, हे तुम्हाला आठवत असेल.

२०२१ च्या मे महिन्यात आम्ही दोघे एकाच आठवड्यात आजारी पडलो. मी बरा झालो. ती गेली. मला शेवटचे भेटताही आले नाही. आपल्या मंडळाच्या पोरांनी त्या दिवसांत माझ्या दारात डबे ठेवले, ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रात्री-अपरात्री गावभर मोटरसायकली फिरवल्या, आणि अंत्यविधीला माझ्या मुलाबरोबर तेच होते. त्यांची नावे घेतली तर त्यांना आवडणार नाही.

त्या वर्षी मी घरी गणपती बसवला नाही. देवघरात दिवा लावला नाही. नातेवाईक म्हणत, देवाची इच्छा. मला तो शब्द ऐकवत नसे. आमच्या दोघांपैकी जिने पन्नास वर्षे नाम घेतले तिला नेले, आणि जो घोड्याला पाहून गिअरचा विचार करतो त्याला ठेवले, हा कोणता हिशेब? भरवशाने चालायचे म्हणता, मग तिने चालण्यात काय कमी केले होते? मी हे कोणापाशी बोललो नाही. तुळशीला मात्र पाणी घालत होतो. तिची होती म्हणून.

२०२२ साली वारी पुन्हा पायी सुरू झाली. तिच्या माहेरच्या दिंडीतून फोन आला : "दाजी, ताईची जागा आहे. तुम्ही चला." २१ जूनला आळंदीहून प्रस्थान होते. मी गेलो तो भक्तीने गेलो नाही. खरे सांगायचे तर भांडायला गेलो. आळंदीत पायरीवर हात टेकवला, पुण्यात चाललो, दिवे घाट चढलो. बत्तीस किलोमीटर, वयाच्या साठीनंतर. आणि सारा वेळ मनात विठोबाला शिव्या, क्षमा करा, पण शिव्याच. मुखाने मी काही म्हणत नव्हतो. टाळ गळ्यात होते, ते हात आपोआप वाजवत होते.

जेजुरीच्या मुक्कामी संध्याकाळी समाजआरती होती. आपल्यातले बरेच जण वारीला गेलेले नाहीत म्हणून सांगतो. मुक्कामाच्या तळावर पालखी मधोमध येते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. हजारो टाळ-मृदंग एकदम वाजत असतात. चोपदार हातातला चोप उंच करतो, आणि एका क्षणात सगळे गप्प. इतके की लांबच्या ट्रकचा हॉर्न ऐकू यावा. मग हरवले-सापडलेले पुकारतात : अमक्या दिंडीचा हंडा, कोणाचा चष्मा, कोणाची पिशवी. दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगतात. मग आरती.

त्या संध्याकाळी चोप वर गेला, सगळे गप्प झाले, पण एका बाजूला एका दिंडीचे टाळ वाजतच राहिले. मला वाटले, ऐकू आले नसेल. चोपदार पुन्हा उभा. टाळ चालूच. मी शेजारच्या म्हाताऱ्या विणेकऱ्यांना विचारले, "महाराज, हे थांबत का नाहीत?"

ते म्हणाले, "त्यांची तक्रार आहे. ज्याची तक्रार असंल त्यानं टाळ थांबवायचे न्हाईत. चोपदार जातुया, ऐकून घेतुया, मग थांबायचं."

"आणि तोपर्यंत आरती?"

"आरती थांबती की. माउली थांबत्यात."

आणि खरेच, चोपदार त्या दिंडीपाशी गेला. पाण्याच्या टँकरचे काहीतरी असावे. त्याने ऐकून घेतले, मालकांशी बोलला, मग टाळ थांबले. एवढा लाखांचा सोहळा, पालखी मधोमध, आणि एका दिंडीच्या तक्रारीसाठी सगळे उभे. कोणी म्हणाले नाही की, अरे, माउलींसमोर तक्रार कसली करता, तुमचा भाव कमी आहे. आणि टाळ वाजवणारेही सोहळा सोडून निघून गेले नव्हते. तक्रार होती, ती रांगेत उभे राहूनच होती.

त्या रात्री तंबूत मी सव्वा वर्षात पहिल्यांदा रडलो. मला काही साक्षात्कार झाला असे समजू नका. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले नाही. आजही मिळालेले नाही. माझ्यापाशी चोपदार अजून यायचाच आहे. पण आतापर्यंत मला वाटत होते की भरवसा ठेवणारा तो, जो गप्प बसतो. मी गप्प बसू शकत नव्हतो, म्हणून मी वारीतला नाही, असे मी धरून चाललो होतो. जेजुरीला कळले की माझ्यासारख्यांची सोय त्या फौजी माणसाच्या सोहळ्यात फार आधीपासून आहे. हरिपाठ म्हणत त्यांनी गुहेत २१ दिवस काढले, असे सांगतात. विसाव्या दिवशी त्यांच्या मनात काय होते, ते कोणी सांगत नाही. मला विचाराल तर, टाळ वाजत असणार.

एक शंका कोणाच्या तरी मनात येईल, म्हणून आधीच सांगतो. वारीचे वेळापत्रक तिथीवर ठरलेले असते, महिना-दोन महिने आधी छापून येते. कोणत्या दिवशी नीरेला पादुकांचे स्नान आणि कधी वाखरी, सगळे ठाऊक असते. आपल्या आयुष्याचे तसे कुठे आहे? बरोबर आहे. माझ्या मुलानेही हेच विचारले. पण वेळापत्रक खिशात असूनही रोज संध्याकाळी फक्त उद्याचीच वेळ पुकारतात, आणि माणसे फक्त तेवढीच ऐकून झोपतात. पत्नीने २००१ साली भाजी निवडताना मला जे सांगितले ते हेच. तिला ते पुस्तकातून कळलेले नव्हते. तिच्या गावात पालखी यायची, एक मुक्काम करायची आणि पुढे जायची, हे ती जन्मापासून बघत होती.

त्या वर्षी मी पंढरपूरपर्यंत चाललो. आयुष्यात पहिल्यांदाच पूर्ण. १० जुलैच्या आषाढीला मुखदर्शन झाले. गर्दीत पाच सेकंद. भांडायचे ठरवून गेलो होतो, पण पुजारी पुढे ढकलतात, भांडणार कधी? म्हटले, पुढच्या वर्षी. घरी परत आलो आणि त्या वर्षी गणपती बसवला. तिच्या पितळी समया माझ्या मुलीने चिंच लावून घासल्या. त्या काळ्या पडल्या होत्या, त्यामुळे तिला दोन दिवस लागले.

तेव्हापासून दरवर्षी जातो. टाळ तेच आहेत.

पुढच्या वर्षी मंडळातर्फे काही जणांनी एकत्र जावे, असे कार्यकारिणीत ठरत आहे. पूर्ण नव्हे, आळंदी ते लोणंद एवढेच. ज्यांना यायचे असेल त्यांनी होळीपर्यंत सेक्रेटरींकडे नावे द्यावीत, म्हणजे दिंडीला आधी कळवता येईल. कानडी मित्रांनाही आणावे. माझा तो लेथवाला सहकारी आताच तयार झाला आहे, फक्त गुडघ्यांचे काय ते बघायला हवे. आपापले ताट-वाटी, प्लास्टिकचा कागद आणि वापरलेल्या चपलांचे दोन जोड आणावेत. नवीन चपला अजिबात घालू नयेत. दिवे घाटाच्या आधीच फोड येतात, आणि मग माझ्यासारखी तक्रार करत चालावे लागते.

गणपती बाप्पा मोरया!